पहाडाचा दंड

आमच्या बालपणी वसईत डोंगर म्हणजे तुंगारेश्वर. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तो. वाडीत पाणी शिंपताना पाठ सरळ करावी तर नजर त्याच्यावरच जाई. धर्मग्रामातील युवक मंडळात प्रवेश झाला तेव्हा तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग यांच्यापासून आमच्या डोंगरभटकंतीस आरंभ झाला. पुढे राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशी पायांची भूक वाढत गेली. आम्हा उभयतांचा परिचयही अशाच एका पदभ्रमणात झाला. तेव्हा डोंगराचे आमच्यावर हे एक जुने ऋण आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ऋण कसे फेडले, ते मात्र सांगण्यासारखे नाही. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत आम्ही रात्री चूल पेटविली आणि छत काळे केले. वळणाची वाट सोडून सरळ उतरण्यात पुरुषार्थ मानला. अशा आडवाटांवरूनच पावसाळ्यात माती वाहून जाते आणि दोन-चार वर्षांत तेथे घळ पडते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. एका गडावरील टाक्याच्या कातळावर आमच्या मंडळाचे नाव तांबड्या रंगात कित्येक वर्षे झळकत होते. रंगाचा डबा आम्हीच पाठीवर वाहून नेला होता. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर पोहोचल्यावर आम्ही 'शिखर सर केले' असे म्हणत असू. आज हे शब्द लिहितानाही संकोच वाटतो.

१९९४ साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात गेलो. आमच्यापैकी एक आश्रमशाळेत शिक्षक आणि दुसरी दवाखान्यात परिचारिका. चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा निर्माण झाला होता. त्यास उणीपुरी बारा वर्षे झाली होती. बल्लारशास आगगाडीतून उतरावे, एस.टी.ने गोंडपिपरी, आष्टी करीत वैनगंगा ओलांडावी, आलापल्लीच्या सागवनात शिरावे आणि तेथून एटापल्ली. जिल्ह्याचा जवळजवळ सत्तर टक्के भाग वनाच्छादित आहे हे पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या झाडीतून तासन् तास जाणे निराळे. वसईहून निघालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचला तर नशीबवान समजावा.

तेथे 'डोंगर' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तेथे म्हणतात पहाड. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या आमच्या डोळ्यांना ते पहाड प्रथम ठेंगणेच वाटले. कातळ कमी, झाडी दाट. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि बांबूची बेटे. एका रविवारी आम्ही गावामागचा पहाड चढण्याचा बेत केला आणि सहज म्हणून गावच्या भूमियास सांगितले. भूमिया म्हणजे माडिया गावात जमिनीचे, देवाचे आणि हंगामाचे विधी पाहणारा ज्येष्ठ. ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "गुरुजी, वर कायले जाता? मोह वेचाले? बांबू आणाले?"

"काही नाही, सहज. पाहायला."

"पाहाले," असे म्हणून ते थांबले. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवून पाहिला असावा. त्यांच्या लेखी पहाडावर जाण्यास काही तरी कारण लागत असे. कारण नसताना जाणारा मनुष्य एक तर वाट चुकलेला असतो, नाही तर त्याचा हेतू शुद्ध नसतो. त्या काळी तालुक्यात बंदुकीचे भय दोन्ही बाजूंनी होते. तेव्हा त्यांच्या शंकेस तसेही कारण होते. तरीही त्यांनी अनुमती दिली आणि अटी घातल्या. अंधार पडण्यापूर्वी उतरायचे. वर ओरडायचे नाही. सपाट दगड आहे तेथून पुढे पायताण घालायचे नाही. आणि विस्तव न्यायचा नाही.

या चार अटी पाळून आम्ही तो पहाड चार वर्षे चढलो. खरे सांगायचे तर पहिल्या तीन आम्ही त्यांच्या भावनेसाठी पाळल्या. चौथी अट भावनेची नव्हती हे आम्हांला १९९८ मध्ये समजले.

त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता. ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्या जुन्या युवक मंडळाची अकरा मुले-मुली परीक्षा आटोपून आमच्याकडे आली. 'जंगलातला डोंगर' पाहण्याची त्यांना कोण उत्सुकता! शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. भूमियांच्या अटी आम्ही मुलांना सांगितल्या. पण हसत सांगितल्या. आपल्या माणसांत बसून परक्यांच्या समजुती सांगताना आपण ज्या स्वरात बोलतो, त्या स्वरात. हा आमचा मूळ दोष. बाकीचे सर्व त्यातून पुढे घडले.

माथ्यावर दुपारी कोणी तरी तीन दगड मांडले. चहाचे भांडे निघाले. आम्ही पाहिले आणि 'चहाच तर आहे' असे मनात म्हटले. चहा झाल्यावर बाटलीतले पाणी ओतून विस्तव विझविला, वर मातीही टाकली. एप्रिलमध्ये त्या पानगळीच्या वनात जमिनीवर वीतभर सुकी पाने असतात आणि दुपारनंतर वारा उठतो. आम्ही अर्धा पहाड उतरलो तेव्हा एका मुलीने मागे वळून पाहिले. माथ्याच्या जरा खाली धूर दिसत होता.

आग चढाकडे धावते, उताराकडे सरपटते. त्यामुळे आमच्या जिवास धोका नव्हता, आणि त्यामुळेच आम्हांला अधिक लाज वाटली. गाव पहाडाकडे धावले, कोणी बोलावण्याची वाट न पाहता. बायका, म्हातारे, आमच्या शाळेतील मुले. हिरव्या फांद्या तोडून पालापाचोळा झोडपणे, पुढची पाने झाडून जमीन उघडी करणे, आग त्या उघड्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरेल अशी व्यवस्था करणे. हे सर्व ते न बोलता करीत होते. आमची मुले रडत रडत फांद्या आपटीत होती. वारा पडल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, आग आटोक्यात आली. पहाडाची एक कूस काळी झाली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करावयास हवी. त्या भागात माणसे स्वतः आग लावीतच नाहीत असे नव्हे. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही काही जण वणवा लावतात, आणि वनखाते त्यांना वर्षानुवर्षे विनविते की असे करू नका, कोवळी रोपे होरपळतात. त्या भांडणात आम्ही पडत नाही. पण आमची आग एप्रिलच्या मध्यावर लागली. तेंदूची पालवी फुटून झाली होती आणि पाने तोडणीस येऊ लागली होती. मे महिन्यातील ती पंधरा-वीस दिवसांची तोडणी म्हणजे कित्येक घरांची वर्षाची मुख्य रोख मिळकत. जळालेल्या कुशीतून दोन घरे पाने तोडीत असत. आम्ही चहा प्यायलो आणि त्यांचे वर्ष जाळले, असा याचा सरळ अर्थ होता.

वनरक्षकास आम्ही आपण होऊन जाऊन सांगितले. त्या कार्यालयाचे सोपस्कार झाले, ते येथे विस्ताराने सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गावाने आम्हांला गोटुलात बोलाविले. मुलांनी आपापसांत पैसे जमविले होते, ते एका पाकिटात घालून आम्ही समोर ठेवले. भूमियांनी पाकिटाकडे पाहिलेसुद्धा नाही. गावाने बराच वेळ माडियात चर्चा केली. मग आम्हांला दंड सांगण्यात आला. एक पोते तांदूळ आणि तेल-मीठ, गावजेवणासाठी. एक कोंबडी, पहाडासाठी. आणि मे महिन्यात गुरुजी आणि बाईंनी त्या दोन घरांबरोबर पाने तोडायची. जवळची कूस जळाली म्हणून त्यांना आता लांबच्या रानात जावे लागेल. आमची तोडणी त्यांच्या खात्यावर जाईल.

कोंबडीपाशी आम्ही अडखळलो. श्रद्धाळू घरात वाढलेल्या माणसांनी दुसऱ्या देवतेच्या पूजेस कोंबडी द्यावी काय, हा प्रश्न वाचकांना क्षुल्लक वाटणार नाही. आम्हांलाही वाटला नाही. आम्ही मुदत मागितली. महिन्यातून एकदा त्या भागात येणारे एक वयोवृद्ध फादर सुदैवाने त्या सोमवारी आले. त्यांच्यासमोर आम्ही सारी हकीकत मांडली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या घरास आग लावल्यावर, भरपाईच्या पैशाचे तो काय करणार आहे, हे आपण विचारतो का? द्या कोंबडी." पूजेच्या वेळी आम्ही दूर उभे राहिलो. भूमियांनीही आम्हांला जवळ बोलाविले नाही. त्या दूर उभे राहण्यात दोन्ही बाजूंनी एक सभ्यता होती, असे आज वाटते. जेवणाच्या पंगतीत मात्र त्यांनी आम्हांला शेजारी बसवून घेतले.

मे महिन्यात आमच्या भाचीची पहिली कम्युनियन होती. वसईस जाण्याचे आरक्षण झाले होते, ते रद्द केले. घरच्यांना पत्रात खरे कारण लिहिण्याचे धैर्य झाले नाही. 'कामामुळे' असे लिहिले. काही वर्षांनी सांगितले तेव्हा भाचीने ते हसण्यावारी नेले, तिच्या आईने मात्र नाही.

तेंदूपत्त्याचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांना त्याची कल्पना यावयाची नाही. पहाटे तीनला उठून चालू लागायचे. उजाडता उजाडता रानात पोहोचायचे आणि ऊन चढण्यापूर्वी तोडणी संपवायची. पान फार कोवळे नको, फार जून नको, कीड लागलेले नको, भोके पडलेले नको. गाठोडे डोक्यावर घेऊन परतायचे. मग सावलीत बसून ७० पानांचे एक पुडके, असे मोजून बांधायचे. संध्याकाळी संकलनाच्या जागी, ज्याला तिकडे 'फळी' म्हणतात, नेऊन मोजून द्यायचे. पुढे ती पुडकी उन्हात ओळीने मांडून वाळवितात. आमच्यापैकी परिचारिकेस दवाखाना असल्यामुळे ती आठ वाजता रानातून धावत परतत असे आणि हाताचे काळे डाग घेऊनच रुग्णांना सुई टोची. आमच्या पुडक्यांत पाने कमी भरत. त्या घरची दहा वर्षांची मुलगी ती पुन्हा सोडून मोजी आणि निमूटपणे स्वतःच्या ढिगातली पाने त्यांत घाली.

त्या वीस दिवसांत पहाड आम्हांला प्रथमच जवळून दिसला. तोपर्यंत आम्ही चढताना माथा पाहत होतो. ही माणसे पायाखालची जमीन पाहत. पाय कोठे पडतो, कोणते रोप चिरडते, हे त्यांच्या पायांना डोळ्यांआधी कळे. वीस माणसे रानातून जात आणि मागे वळून पाहिले तर वाटेखेरीज काही खूण नसे. आमच्या जाड तळांच्या बुटांनी मात्र ओल्या उतारावर जागोजाग माती उकरली होती. पाणी मावते तितकीच तहान ठेवावी, हेही आम्ही तेथेच शिकलो. आणि चालता चालता गप्प राहणे. ते पहाडानेच शिकविले, कारण त्या चढावर बोलले की दम जात असे.

सह्याद्रीतील आमच्या जुन्या फेऱ्या मग आठवू लागल्या. इर्शाळगडास जाताना पायथ्याजवळच्या वाडीत आम्ही कितीदा पाणी प्यायलो असू! त्या वाडीस गाडीरस्ता नव्हता, आणि आम्हांला त्याचे कौतुक वाटे. 'किती शांत!' म्हणून पुढे निघत असू. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. यंत्रे वर नेता येईनात म्हणून मदतीस धावलेल्यांनी हातांनी माती उपसली, आणि त्यांत डोंगर चढणारी मंडळीही होती. ती बातमी वाचून आम्ही त्या वाडीतील एका तरी घरधन्याचे नाव आठवण्याचा प्रयत्न केला. एकही आठवले नाही. गडाची उंची मात्र पाठ होती.

असो. माणसास डोंगरापासून दूर ठेवणे हा यावरील उपाय आहे, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. साताऱ्याजवळील कासच्या पठाराचे उदाहरण बोलके आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, फुले पाहण्यास गर्दी लोटली आणि फुलेच तुडविली जाऊ लागली. तेव्हा कुंपण घातले, प्रवेशावर मर्यादा आणल्या. परंतु कुंपणाने गुरांनाही अडविले. चराई थांबली तर उंच गवत माजते आणि बुटकी फुलझाडे त्याखाली दबतात, असे स्थानिक लोक आणि अभ्यासक सांगू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. म्हणजे गुराख्याचे पाय त्या पठारास हवे होते. आठवड्याच्या सुटीतले आमचे पाय तेवढे नको होते. दोन्ही पायच.

२००१ मध्ये आम्ही एटापल्ली सोडली. पुन्हा जाण्याचा योग २०२४ च्या जानेवारीत आला. आलापल्लीपासूनच ओळख पटेना. लोहखनिजाच्या अवजड गाड्यांची रांग, रस्त्याच्या कडेच्या सागाच्या पानांवर तांबडी भुकटी. सुरजागडच्या पहाडातील ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली देण्यात आला होता. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथील सत्तरांहून अधिक वाहने जाळली. काम थांबले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टन खनिज काढण्यास पर्यावरण परवानगी मिळाली. सुरजागड हे माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इलाख्यातील गावोगावचे लोक तेथे यात्रेस जमतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नुकतीच आटोपली होती. त्या पहाडावर वर्षानुवर्षे माणसे चालत चढली आणि पायवाटेखेरीज काही उरले नाही. आता तो पहाड टप्प्याटप्प्याने उतरत आहे. चहाच्या विस्तवाबद्दल एक पोते तांदूळ भरलेल्या आम्हांला तेथे उभे राहून हिशेब जुळविणे कठीण गेले.

भूमिया हयात नव्हते. त्यांचा नातू भेटला. तो खाणीवर गाडी चालवितो. आम्ही जरा अवघडलो. हे ओळखून तोच म्हणाला, "गुरुजी, पगार महिन्याले येते. तेंदू वर्षातून एकदा." मग थोड्या वेळाने, "यात्रेले मी जातोच. सुट्टी टाकून." याहून अधिक तो बोलला नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या तालुक्यात या प्रश्नावर घराघरांत दोन मते आहेत, आणि महिन्याचा पगार घेत आयुष्य काढलेल्या आम्ही त्यास काय सांगावे?

त्यानेच विचारले, "आपला पहाड पाहाले येता का?"

आम्ही तिघे निघालो. गुडघे आता पूर्वीचे नाहीत. दर शंभर पावलांवर थांबत गेलो आणि तो न कंटाळता थांबत गेला. जळालेली कूस आम्हांला ओळखता आली नसती. तेंदू मुळातून फुटतो. झुडपे पूर्ववत होती, बांबूही वाढला होता. त्याने एका जुन्या मोहापाशी नेले आणि पलीकडच्या अंगाने पाहण्यास सांगितले. बुंध्याला चढाच्या बाजूस हातभर उंचीची काळी पोकळी होती. उतारावरून वर येणारी आग झाडाला वळसा घालते आणि वरच्या अंगाला साचलेल्या पाल्यात रेंगाळते. म्हणून झाड तेथेच अधिक भाजते, खालून चढणाऱ्यास ते दिसत नाही. पोकळीच्या कडांनी नवी साल आत वळून आली होती. सव्वीस वर्षांत ती निम्मीच भरली होती.

"फुलते का?" आम्ही विचारले.

"फुलते. आमच्याच घराचं झाड आहे हे."

आम्हांला ते ठाऊक नव्हते. गोटुलात त्या दिवशी भूमियांनी दोन घरांची नावे घेतली होती, त्यांत स्वतःच्या घराचे घेतले नव्हते.

सपाट दगडापाशी तो खाली बसला आणि खाणीवरून मिळालेल्या जाड बुटांचे बंद सोडू लागला. आम्हीही बसलो. आमच्या हातांना वाकून बंद सोडणे जमेना तेव्हा, स्वतःचे बूट दगडाखाली ठेवून, त्याने आमचेही सोडले.